आमची वाटचाल: जर्सीच्या छातीवरचं नाव

इचलकरंजीत आमचं खेळाचे कपडे शिवायचं युनिट आहे. सुरुवातीला शाळांचे ट्रॅकसूट आणि तालीम मंडळांचे बनियन एवढंच काम असायचं. कबड्डीचा संघ म्हणजे एका रंगाचे बनियन, पाठीवर स्क्रीन प्रिंटचा आकडा. चांगल्या खेळाडूचं घर तेव्हा खेळावर नव्हे, खेळामुळे लागलेल्या नोकरीवर चालायचं. पोलीस, रेल्वे, महिंद्रा, भारत पेट्रोलियम. आपल्या स्पर्धांत आजही ‘व्यावसायिक गट’ म्हटलं की असे संघ डोळ्यांपुढे येतात.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. खेळाडूंच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. २०१८ मध्ये मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना गेला, २०२३ मध्ये पवन सेहरावत २ कोटी ६० लाखांवर. एवढा पैसा तिकिटांतून उभा राहत नाही. तो येतो टीव्हीतून आणि प्रायोजकांकडून. संघाने खेळाडूंवर किती खर्च करायचा याला मर्यादा असते, आणि ती असायलाच हवी. नाहीतर मोठ्या मालकापुढे बाकीचे टिकणार नाहीत.

लीगच्या पैशातला एक रुपयाही थेट आमच्याकडे आला नाही. आली ती मागणी. मंडळाची पोरं मोबाइलवर लीगमधल्या यू मुम्बा संघाच्या जर्सीचा फोटो दाखवून ‘अस्संच पाहिजे’ म्हणू लागली. दुसऱ्याचा लोगो आम्ही छापत नाही, तेव्हाही छापला नाही. पण कर्ज काढून सब्लिमेशनचं मशीन घेतलं, आणि धंद्याचं गणितच बदललं. स्क्रीन प्रिंटला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन, वेगळा खर्च. सब्लिमेशनमध्ये डिझाइन कागदावर छापायचं आणि गरम प्रेसखाली पॉलिस्टरवर उतरवायचं. रंग धाग्यातच मुरतो, सोलून निघत नाही. एक नाव छापा की दहा, खर्च तेवढाच!

मंडळांनी हे बरोबर हेरलं. जर्सीवरची जागा जाहिरातीला द्यायची: छाती पतसंस्थेला, बाही हॉटेलवाल्याला, पाठीची खालची पट्टी खत दुकानाला. लीगचे मालक जे करतात तेच गावात सुरू झालं, आणि पोरांना जर्सी फुकट मिळू लागली. आकड्याभोवतीची जागा मात्र आम्ही कुणालाही विकू देत नाही. पंचांना आकडा लांबून दिसलाच पाहिजे.

शिलाईत तडजोड नाही. पकडीत हात घसरून कपड्यात अडकतोच, आणि बगलेची शिवण आधी उसवते. म्हणून तिथे ओव्हरलॉकवर, म्हणजे कडा बांधणाऱ्या शिवणीवर, फ्लॅटलॉकची सपाट बसणारी दुसरी शिवण मारतो. ऑर्डर घेताना निम्मी रक्कम आगाऊ. नावांचा नमुना व्हॉट्सॲपवर मंजूर झाल्याशिवाय कापड कटिंगला जात नाही.

मुलींच्या संघांना छातीवरचं नाव अजून सहज मिळत नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. खेळ तोच, घाम तोच. म्हणून मुलांच्या जर्सीवर ज्यांचं नाव छापतो, त्या प्रत्येकाला त्याच गावातल्या मुलींच्या संघाचा नमुनाही सोबत पाठवतो. काही सराफांनी आणि पतसंस्थांनी होकार दिला आहे. त्या जर्सी सध्या प्रेसवर आहेत.