कबुतरांमुळेच झालं का हो, मॅडम?

क्रिप्टोकोकसचा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग, असं निदान कानावर पडलं की पेशंटच्या घरचे हमखास विचारतात, "तुम्ही बुरशीचं जेनेटिक टायपिंग करता ना? मग आमच्या बाल्कनीतल्या कबुतरांमुळेच झालं का, ते सांगा." ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत सापडते, म्हणून हा संशय. एका काकांना तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाखवायला लेटरहेडवर रिपोर्ट हवा होता. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी बुरशी ओळखायची कशी ते. पाठीतून काढलेल्या पाण्याचा थेंब इंडिया इंक या काळ्या शाईत मिसळून मायक्रोस्कोपखाली धरला की काळ्या पार्श्वभूमीवर गोल पेशी आणि तिच्याभोवती लख्ख वलय दिसतं. ते वलय म्हणजे तिचं कवच. मग कारळ्याचा अर्क घातलेल्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, ती वाढवतो. हो, चटणीचे तेच कारळे. त्यातल्या द्रव्यापासून ही बुरशी मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य बनवते, म्हणून तिच्या वसाहती तपकिरी होतात. मेनिंजायटिस करणाऱ्या दुसऱ्या बुरश्यांना हे सहसा जमत नाही.

टायपिंगमध्ये बुरशीच्या डीएनएमधले सात ठरलेले तुकडे वाचतात. ही पद्धत जगभरातल्या प्रयोगशाळांनी २००९ मध्ये एकमताने ठरवली. त्या सातांत कवचाशी संबंधित कॅप५९ आहे आणि मेलॅनिनमागचं लॅक१सुद्धा. सातांचा मेळ पाहून 'एसटी' (सीक्वेन्स टाइप, म्हणजे बुरशीचा वाण) क्रमांक मिळतो. गोची इथूनच सुरू होते. ही बुरशी निसर्गात बहुतांशी स्वतःच्याच नकला काढत पसरते. भारतातल्या पेशंटांमध्ये एसटी ९३ पुन्हापुन्हा सापडतो, तोच इंडोनेशियात आणि ब्राझीलमध्येही सापडतो. तेव्हा तुमच्या बाल्कनीतल्या विष्ठेत एसटी ९३ निघाला आणि पेशंटमध्येही तोच निघाला, तर काय सिद्ध झालं? अख्ख्या गावाचं आडनाव पाटील असताना चोर पाटील होता हे कळून जेवढा उपयोग, तेवढाच. त्यापुढे जायचं तर बुरशीचा सगळा जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनए, सुमारे १ कोटी ९० लाख अक्षरं, वाचून फरक मोजावे लागतात. पेशंटच्या उपचारांसाठी तो खटाटोप कुणी करत नाही, कारण अँफोटेरिसिन, फ्लुसायटोसिन, फ्लुकोनाझोल ही औषधं एसटी बघून ठरत नाहीत.

दुसरी अडचण काळाची. १९९९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की आफ्रिकेत जन्मलेल्या आणि कित्येक वर्षं फ्रान्समध्येच राहिलेल्या पेशंटांमधली बुरशी फ्रान्सच्या नव्हे, आफ्रिकेच्या वळणाची होती. म्हणजे ती कधीतरी श्वासातून आत गेली, दबून राहिली आणि प्रतिकारशक्ती ढासळल्यावर उठली. मग पेशंटने ती आत्ताच्या फ्लॅटमध्ये घेतली की लहानपणी गावच्या वाड्यात, हे मी कुठल्या जनुकात बघू?

शिवाय बुरशीला कबुतरच लागतं असंही नाही. दिल्लीत ती जांभळाच्या आणि पिंपळाच्या कुजक्या लाकडात सापडली आहे. तिची बहीण, म्हणजे जवळची प्रजाती, गॅटी हिचा तर निलगिरीशी संबंध १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात दाखवला गेला. पेशंटमध्ये गॅटी निघाली, तर कबुतरांवरचा संशय मी बिनधास्त मागे घेते. टायपिंगचा खरा जोर इथे आहे: ते आरोपीला सोडवू शकतं, अडकवायला मात्र क्वचितच पुरतं. क्वचित म्हणते, कारण २००० साली अमेरिकेतल्या एका अहवालात मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या बाईंची बुरशी आणि त्यांच्या पाळीव काकाकुआच्या विष्ठेतली बुरशी जुळली होती. पण तिथे पक्षी घरातलाच होता, आणि बाई प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर. नुसत्या जुळण्याइतकंच हे सगळं मला पटवतं.

कबुतरांना निर्दोष ठरवत नाहीये. वाळलेल्या विष्ठेत ही बुरशी छान टिकते, हे १९५५ पासून ठाऊक आहे. जाळी लावाच. विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून, मास्क लावून काढा. घरात कुणी एचआयव्हीबाधित असेल, स्टेरॉइडवर असेल किंवा प्रत्यारोपण झालेलं असेल, तर त्यांच्याकडे हे काम देऊ नका. अशा माणसाची डोकेदुखी आठवडाभर हटत नसेल, तर थेट डॉक्टरांकडे न्या आणि क्रिप्टोकोकल अँटिजेनची (या बुरशीचा अंश शोधणारी) तपासणी करायची का, हे विचारा. काकांना मी रिपोर्ट दिला नाही. जाळीवाल्याचा नंबर मात्र दिला.