मतं फुटली की खेळ संपला
पारोळ्याला आबांशी बंडखोरांचा विषय निघाला आणि मला अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाची २०१६ ची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी आठवली, तिथे पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यात मतदान होतं. सुरुवातीला १७ मोठे उमेदवार! आयोवा राज्य टेड क्रूझने मारलं, पण साउथ कॅरोलिनात ट्रम्पला साधारण ३२ टक्के, मार्को रुबिओ आणि क्रूझ दोघं २२ च्या आसपास, म्हणजे या दोघांची बेरीज ट्रम्पपेक्षा बरीच जास्त, तरी ५० च्या ५० डेलिगेट (म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) ट्रम्पलाच, कारण तिथला नियमच तसा, राज्यात पहिला येईल त्याला आणि प्रत्येक मतदारसंघात पहिला येईल त्याला. आबा म्हणे, "मग एकानं माघार घ्यायची ना भाऊ!" तेच तर! जेब बुश त्याच रात्री बाहेर पडला, बाकीचे मात्र एकमेकांनाच पाडत बसले, रुबिओ तर १५ मार्चला स्वतःच्या फ्लोरिडात हरला. साउथ कॅरोलिनात ट्रम्पला मत न दिलेल्या त्या दोन तृतीयांश मतदारांचं मला फार वाईट वाटतं.