वारा पडेपर्यंत थांबलेली दोघं

कनू म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद, हलकी बोट. कनू ट्रिपला जाणाऱ्यांना बोट, वल्ही, लाइफ जॅकेट द्यायची, निघायच्या आधी ब्रीफिंग करायचं, कोण कुठे मुक्काम करणार आणि कधी परतणार ते लिहून घ्यायचं हे माझं काम. वेळेत कोणी आलं नाही तर शोधायलाही आम्हीच जातो. त्या दिवशी एक बाबा आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी जंगलातले मुक्काम संपवून दुपारी दोनला परत यायची होती आणि अकरापासून वारा असा काही सुटला की आमच्या धक्क्यावर लाटा थाडथाड आपटत होत्या, लांबवर सगळं पाणी पांढरं.

चार वाजले. दोघांचा पत्ता नाही, आत फोनला रेंज नाही.

बर्फ वितळून फार दिवस झाले नव्हते, म्हणून जीव जास्त खालीवर होत होता. इतक्या थंड पाण्यासाठी आमच्याकडे १-१०-१ असं शिकवतात, म्हणजे पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वासावर ताबा मिळवण्यात जातं, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. तेही अंगात लाइफ जॅकेट असेल तर. आणि हे सगळं मोठ्या माणसाचं, लहान मूल त्याहून लवकर गार पडतं.

मी आणि माझा सहकारी मोटरबोट घेऊन निघालो. मधल्या पाण्यात आमचीच बोट उडत होती, डोळे सारखे उलटी झालेली कनू शोधत होते, आणि मग पलीकडच्या काठावर झाडांमध्ये केशरी ताडपत्री दिसली. कनू पाण्यापासून चांगली वर ओढून पालथी घातलेली, दोरीने झाडाला बांधलेली. ती बांधलेली दोरी बघूनच मला हायसं वाटलं, कारण मोकळी ठेवलेली कनू वारा उचलून नेतो आणि मग माणसं तिथेच अडकतात.

गंमत म्हणजे त्यांच्या काठावर पाणी अगदी शांत होतं. वारा त्यांच्या पाठीमागून, जंगलावरून येत होता. लाट मोठी व्हायला तिला उघडं पाणी लागतं, जितकं अंतर जास्त तितकी ती वाढत जाते, त्यामुळे सुरुवातीला वाटतं की वारा पाठीशी आहे, भराभर पोचू. अर्ध्यात गेल्यावर कळतं, पण तेव्हा मागे वळायचं म्हणजे कनू लाटेला आडवी घालावी लागते आणि उलटायचा धोका तिथेच सगळ्यात जास्त. शेवटच्या दिवशी खाणं संपत आल्याने बोट हलकी होते, पाण्यावर उंच तरंगते, मग वारा तिला आणखी ढकलतो.

बाबा म्हणाले, "मी तर सामान भरलं होतं हो, उद्या कामावर जायचंय. हीच म्हणाली, बाबा तिकडे लांब पांढरं पांढरं दिसतंय, मी नाही येणार."

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"आमचं घरून निघतानाच ठरलंय, दोघांपैकी एकजण जरी नाही म्हणाला तरी बोट पाण्यात घालायची नाही. तिने कारण सांगायलाच पाहिजे असंही नाही."

इतकी वर्षं या कामात मी उत्तम वल्हवणारे आईबाप पाहिलेत, पण पोराला हा हक्क देणारे फार थोडे. बहुतेकांच्या बोटीत मूल पुढे बसवलेलं सामान असतं. इथे पुढे बसणारी पोर पाणी बघत होती आणि तिचं ऐकलं जात होतं.

मी त्यांना मोटरबोटमधून नेतो म्हणालो. मुलीने विचारलं, "काका, वारा रात्री पडेल का?" अंदाज तसाच होता, पहाटे पाणी शांत मिळालं असतं. त्यांच्याकडे एका दिवसाचं जास्तीचं खाणं होतं, अंगावर कोरडे कपडे होते, टेंट पुन्हा उभा होता. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, ती म्हणाली "आम्ही वल्हवतच येणार", आणि मी वाद घातला नाही. बाबांच्या घरी आणि ऑफिसला आमच्याकडून निरोप दिला, रजिस्टरमध्ये नवी वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी सातच्या आत दोघं धक्क्याला लागली, पुढे ती आणि मागे बाबा. तेव्हापासून ब्रीफिंगला मूल असेल तर मी आधी त्यालाच विचारतो, काय दिसलं की तू थांबा म्हणशील? आणि त्याचं उत्तर आईबाबांच्या समोर ट्रिपच्या फॉर्मवर लिहून घेतो.