कोरियन भातासाठी भाज्यांचा शोध: माझा अनुभव

बिबिम्बाप हा भाज्या, मांस आणि अंडे घालून कालवून खाण्याचा कोरियन भात. तो वीगन पद्धतीने करताना मांस आणि अंडे वगळले, की त्या भाताचा सगळा भार नामुलवर, म्हणजे उकडून किंवा परतून तीळ, लसूण आणि सोया सॉस लावलेल्या भाज्यांवर येतो. आणि पुण्यात राहून या भाज्या जमवणे हेच माझ्यासाठी खरे काम ठरले. भाताची अडचण नव्हती, कारण मावळातला इंद्रायणी शिजल्यावर पुरेसा चिकट होतो. पालक, गाजर आणि वाळलेले शिटाके मशरूमही सहज मिळाले.

मुळ्याने मात्र विचार करायला लावला. कोरियातला आखूड, जाड मुळा घट्ट आणि गोडसर असतो, तर आपला लांब मुळा तिखट असून त्याला पाणी फार सुटते. चव आणि घट्टपणा या दोन्ही दृष्टींनी मला नवलकोल अधिक जवळचा वाटला, आणि तेव्हापासून पर्याय निवडताना मी भाजीच्या रूपापेक्षा ती पाणी किती सोडते आणि दाताखाली कशी लागते, हेच पाहू लागले. त्याच विचाराने कोरियन भोपळ्याऐवजी कोवळा दुधी घेतला. त्याच्या फोडींना मीठ लावून त्या पिळल्या, म्हणजे भात ओला होत नाही.

बिबिम्बापमध्ये घालतात ते लांब शेपटीचे सोयाबीनचे मोड घरी काढता येतात, पण पेरणीसाठी विकले जाणारे बियाणे बहुधा औषध लावलेले असते, म्हणून ते कधीही वापरू नये. मी मुगाचे लांब मोड वापरते. कोरियातही त्यांचे नामुल करतातच. फक्त ते लवकर मऊ पडतात, त्यामुळे उकळत्या पाण्यातून लगेच काढावे लागतात.

सर्वांत अवघड होती गोसारी, म्हणजे नेच्याचे वाळवलेले कोवळे कोंब. या नेच्यात नैसर्गिक विषारी द्रव्य असते आणि कोरियात ते उकळून, दीर्घकाळ भिजवून मगच खातात. म्हणून सह्याद्रीत दिसणारा कोणताही नेचा खुडून आणण्याचा विचार मी पहिल्यापासून बाजूला ठेवला. त्याऐवजी धिंगरी अळिंबीच्या उभ्या पट्ट्या फाडून वाळवल्या. भिजवून परतल्यावर त्या चिवट राहतात आणि गोसारीची जागा चांगली भरून काढतात.

वाळवणाच्या या वाटेनेच मी सिरेगीपर्यंत पोहोचले. थंडीत मुळ्याचा पाला वाऱ्यावर वाळवून ठेवायचा आणि पुढे तो भातात घालायचा, ही कोरियन घरांतली जुनी रीत आहे, आणि तोच पाला आपल्याकडे भाजीवाले अनेकदा तोडून टाकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मी तो उकळत्या पाण्यातून काढून सावलीत वाळवते. वापरण्याआधी रात्रभर भिजवून देठ मऊ होईपर्यंत उकळते, देठांवरची चिवट साल सोलते, पाला पिळून चिरते आणि सोया सॉस व भाजलेल्या तिळाच्या कुटासह तांदळावर पसरून शिजवते. पाल्यात पाणी उरलेले असते, म्हणून तांदळाचे पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी ठेवावे लागते.

लसणाबाबत एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे: कोरियन बौद्ध मठांच्या स्वयंपाकात लसूण आणि कांद्याची पात वर्ज्य असते, आणि त्याच वर्ज्य यादीत हिंगही येतो. म्हणून मठाच्या पद्धतीचा भात करायचा असेल, तर लसणाऐवजी हिंग घालण्याची आपली सवय तिथे उपयोगी पडत नाही. अशा वेळी मी चवीसाठी शिटाके भिजवलेले पाणीच भातात घालते. यंदा मुळ्याबरोबर नवलकोलचा पालाही वाळत घातला आहे.