खुनी कोण ते आधी सांगा, बाई

माझं अलिबागला कोर्टाजवळ टायपिंग-झेरॉक्सचं छोटंसं दुकान आहे, दिवसभर प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, वारसनोंदीचे अर्ज, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याच कम्प्युटरवर मी खून करते. म्हणजे रहस्यकथा लिहिते. पाच वर्षांत सात वेळा साभार परत. परत तरी कुठे, दोनदाच धड कळवलं, बाकीच्या तिकडेच कुठेतरी पडल्या असतील.

पहिली कथा गेली तीच मुळात कुणी वाचली नव्हती. मी श्रीलिपीत टाइप केलेली फाइल तशीच मेल केली, समोरच्याकडे तो फॉन्ट नाही, त्यांना दिसले आडवेतिडवे चौकोन नि इंग्रजी अक्षरांचा काला. मी बापडी चार महिने उत्तराची वाट बघतेय. टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईने ही चूक करावी म्हणजे कमालच. आता युनिकोडमध्ये वर्डची फाइल पाठवते, सोबत पीडीएफ, आणि आधी स्वतःच्याच दुसऱ्या मेलवर पाठवून मोबाईलवर उघडून बघते.

पण खरी गंमत पत्राची. दरवेळी कथेसोबत पत्र जायचं, त्यात दोन ओळी प्रस्तावना आणि मग माझं ठरलेलं वाक्य, "पुढे काय होते ते कथेतच वाचावे, रहस्य फोडत नाही." मला वाटायचं काय झकास उत्सुकता लावलीय. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा चक्क फोन आला. म्हणाले, बाई, माझ्या टेबलावर दीडशे कथा आहेत, खुनी कोण ते आधी सांगा, मग मी ठरवतो की तुम्ही तो नीट लपवलाय की नाही. मी गप्पच. म्हणाले, वाचकापासून लपवा, माझ्यापासून कशाला लपवता, मी काय तिकीट काढून आलोय?

त्या दिवशी डोक्यात उजेड पडला. संपादक हा वाचक नाही, तो शिवलेलं झंपर उलटं करून टाके बघणारा माणूस आहे. तेव्हापासून कथेबरोबर एक पान वेगळं जातं: मेलं कोण, मारलं कोणी, कशासाठी, कसं सापडलं, आणि खरा धागा वाचकासमोर कितव्या पानावर टाकलाय. हे पान लिहिताना निम्म्या कथा माझ्या मलाच फुसक्या वाटल्या, कारण "कसं सापडलं" पुढे "इन्स्पेक्टरला संशय आला" एवढंच लिहिता येत होतं. संशय काय असाच येतो होय!

शेवट फसण्यावरून आठवलं, आगाथा ख्रिस्तीबाईंचंही हेच झालेलं. पहिली कादंबरी 1916 साली लिहिली, बऱ्याच प्रकाशकांनी परत केली, शेवटी जॉन लेन नावाच्या प्रकाशकाने कितीतरी महिने ठेवून घेऊन मग बोलावलं आणि सांगितलं की शेवटचं प्रकरण बदला, कोर्टातली साक्ष पटत नाही. बाईंनी बदललं. पुस्तक 1920 मध्ये आलं, हातात पडले 25 पौंड, आणि करारात पुढची पाच पुस्तकं त्यालाच द्यायची अट. करारांकडे नंतर येते.

फोन केलेल्या त्या संपादकांना पाठवलेली कथा अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावरची. आमच्याकडे आलेल्यांना माहितीय, ओहोटीला किल्ल्यात चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. माझा खुनी अमावस्येच्या रात्री बारा वाजता गुडघाभर पाण्यातून किल्ल्यात जातो, खून करतो, परत येतो. अमावस्या का, तर काळोख पाहिजे ना. संपादकांना काही खटकलं नाही, त्यांचं ऑफिस पुण्यात. पण पाठवलेल्या कथेच्या प्रिंटची पानं दुकानात पडली होती ती आमच्या कोळीवाड्यातल्या नाखवांनी, म्हणजे होडीवाल्यांनी, उचलली, ते उताऱ्याच्या झेरॉक्ससाठी आले होते. चष्मा कपाळावर, पान डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचत होते, मग हसायलाच लागले. "अगो, तुझा खुनी जाताजाताच बुडाला की!"

मग त्यांनी बोटांवर हिशोब करून दाखवला. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावस्या म्हणजे पंधरा, पंधरा पाऊण सव्वा अकरा. त्यात अमावस्येचं उधाण, बाराला तिथे पुरुषभर पाणी. आणि अष्टमीला ने म्हणशील तर ते भांगाचं पाणी, धड चढत नाही नि धड उतरत नाही. मी लहानपणापासून त्या किनाऱ्यावर राहते, सगळं बघितलेलं आहे, पण लिहिताना सिनेमातली अमावस्या डोक्यात होती, आपल्या समुद्राची नव्हती. नाखवांनी जाताना अजून एक दाखवलं, की कथेत जुलै महिना आहे आणि साक्षीदार ट्रॉलरवरून मासेमारी करतोय. 1 जून ते 31 जुलै बंदी असते. साक्षीदारालाच आधी दंड झाला असता.

रात्रभर चिडचिड केली. मग सकाळी लक्षात आलं की सव्वा अकराची भरती म्हणजे साधारण सव्वासहा तास आधी, पाचच्या सुमाराला ओहोटी, आणि नंतरची पहाटे साडेपाचला. म्हणजे खुनी संध्याकाळी पर्यटकांच्या घोळक्यातून चालत आत जाईल, दडून बसेल, आणि पहाटे बाहेर येईल. मध्यरात्री किनाऱ्यावरून कुणी चालत आत जाऊच शकत नव्हतं, हीच त्याची ढाल. चुकीमुळे मिळालेला हा शेवट मूळच्यापेक्षा दसपट बरा आहे. महिना नोव्हेंबर केला, ट्रॉलर सुटला.

संपादकांनी एक मात्र पकडलं होतं. माझा इन्स्पेक्टर 2025 सालात "तीनशे दोन लागेल" म्हणतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाला कलम 103. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला अजून 302 च लागतं, म्हणजे कथा 2019 ची असती तर मी बरोबर होते, पण नव्हती. मरणोत्तर पंचनामाही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या 174 चा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 194 झालाय, झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचंय. दुकानात सगळे दिवाणीचेच कागद येतात हे माझं कारण, पण ते काही खरं कारण नाही, मी बघितलंच नव्हतं.

मामेभाऊ लंडनला असतो, तो म्हणतो तू एजंट का नाही धरत. त्याच्याकडे एजंट पहिली तीन प्रकरणं आणि गोषवारा मागतो, पसंत पडलं तर प्रकाशक शोधतो आणि कमाईतले पंधरा टक्के घेतो, प्रकाशकाआधी पैसे मागितले तर तो एजंट नव्हे. त्याला सांगितलं, बाबा, अलिबागेत एजंट म्हटलं की जमिनीचा. मराठीत आपलं आपणच पाठवायचं, फोन करायचे, पुन्हा पाठवायचं. एका प्रकाशकाने माझ्या सहा कथांचं पुस्तक काढतो म्हणून पंचेचाळीस हजार मागितले, वर दोनशे प्रती मीच विकत घ्यायच्या. त्यांना पहिल्या कथेतल्या खुन्याचं नाव विचारलं तर सांगता आलं नाही.

आणि कराराचं राहिलंच. त्या पंचेचाळीस हजारवाल्यांच्या कागदावर एकच ओळ होती, "सर्व हक्क प्रकाशकाकडे." कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यातलं कलम 19 वाचून बघा: हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी, रॉयल्टी किती ते लिहिलेलं पाहिजे, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. खरेदीखतात चतुःसीमा नसेल तर आम्ही पक्षकाराला हाकलून देतो, आणि कथेच्या कागदावर मात्र डोळे मिटून सही. मी नाही केली.

किल्ल्याची कथा नव्याने लिहून जूनमध्ये त्याच संपादकांना पाठवली, चार हजार शब्द, कारण तेवढीच जागा आहे म्हणाले. सोबतच्या वेगळ्या पानावर ठळक अक्षरात खुन्याचं नाव. "मिळाली" एवढा मेसेज आलाय. दुसरीकडे पाठवलेली नाही, एका वेळी एकाच अंकाला द्यायची.

परवा नाखवा आले होते, आधारची झेरॉक्स. विचारलं, तुझा खुनी पोचला काय गं किल्ल्यात? म्हटलं पोचला, संध्याकाळी पाचच्या ओहोटीने. त्यांनी तिथल्या तिथे बोटांवर हिशोब केला, मान हलवली आणि दोन रुपये काऊंटरवर ठेवून गेले.