किल्ली खिशात, गाडी बंद; मग करंट कोण खातंय?

दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक. शेजारच्या गाडीवरून जम्प घ्यायचा, चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मग नवी बॅटरी येते, काही दिवस बिनबोभाट जातात आणि तीही झोपते. उतरायचं कारण गाडीतच असेल तर बॅटरी कितीही नवी असली तरी काय करणार?

त्यामुळे दोष बॅटरीचा की गाडीचा, हे आधी ठरवा. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा. ३५ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो त्याचं माप) बॅटरीला साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट पुरे. इंजिन अर्धा तास आयडलवर ठेवून उतरलेली बॅटरी भरत नाही; लेड-ॲसिड बॅटरी करंट सावकाशच घेते, तिला तास लागतात. चार्जर काढल्यावर दोन-तीन तास जाऊ द्या, मग दहाच्या पान्याने मायनसची केबल सोडवून बाजूला करा. (प्लस आधी सोडवू नये. पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी होते.) रात्री व्होल्ट मोजा, सकाळी मोजा. १२.६ चे १२.६ राहिले तर बॅटरी करंट धरून ठेवतेय, चोर गाडीत आहे. केबल सुटी असूनही १२.२ वर आली तर बॅटरी आतून गेलीय, पुढचं वाचायची गरज नाही. मात्र तिच्या डोक्यावर ॲसिड आणि धुळीचा ओलसर थर असेल तर टोपणं घट्ट आहेत हे पाहून तो खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा आणि पुन्हा मोजा. त्या थरातूनही करंट झिरपतो.

बंद गाडी शून्य करंट घेते असं नाही. इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप), रिमोट लॉकचा रिसीव्हर, घड्याळ, ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी हे सगळं मिळून २० ते ५० मिलिअँपिअर चालतं. ३० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला पाऊण एएचपेक्षाही कमी. पंधरा दिवस गाडी उभी राहिली तरी सेल्फ बसतो. तेच ३०० झाले की दिवसाला ७.२ एएच जातात. तीन दिवसांत ३५ पैकी २१ गेले, आणि उरलेल्यावर स्टार्टर फिरत नाही.

आता मोजायचं कसं. मल्टीमीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घाला, मिलिअँपिअरच्या नाही. त्या बाजूचा फ्यूज बारीक असतो आणि गाडी जागी असताना काही अँपिअर सहज वाहतात. सगळे दिवे बंद, किल्ली काढलेली, मायनसची केबल पोस्टवर परत ठेवलेली. लाल क्लिप मायनसच्या केबलच्या टोकाला, काळी क्लिप बॅटरीच्या मायनस पोस्टला. मगच केबल पोस्टवरून हळूच उचला, म्हणजे करंट मधे न तुटता मीटरमधून वाहू लागतो. मीटर जोडलेला असताना इग्निशन ऑन करायचं नाही आणि सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो.

बहुतेक जण घसरतात ते इथेच. मीटरवर १.८ अँपिअर दिसतात आणि ‘सापडला!’ म्हणून फ्यूज उपसायला सुरुवात होते. अहो, गाडी अजून जागी आहे. दार उघडलं, लॉक केलं की आतले मॉड्यूल (छोटे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) पंधरा मिनिटं ते पाऊण तास जागे राहतात आणि एकेक करून झोपतात. मीटरवरचा आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. तो स्थिर होईपर्यंत गाडीला हात लावू नका. आतला फ्यूजबॉक्स गाठायला दार उघडं ठेवावंच लागतं, म्हणून दाराच्या कडेचं लॅच आधीच स्क्रूड्रायव्हरने दाबून दोन ‘खट’ होईपर्यंत फिरवा. गाडीला वाटतं, दार लागलं. बॉनेटच्या लॅचला स्विच असेल तर त्यालाही हेच. काम झाल्यावर हँडल ओढून लॅच मोकळं करायचं, मगच दार लावायचं. विसरलात तर लॅच वाकेल. पुश-बटण गाडी असेल तर चावी घरातच ठेवा. जवळ असली की गाडी तिच्याशी बोलत बसते.

अर्ध्या-पाऊण तासानेही आकडा दोन-तीनशे मिलिअँपिअरवरच अडला, तर फ्यूजकडे वळा, पण ते उपसू नका. फ्यूज काढून परत बसवला की त्यावरचे मॉड्यूल पुन्हा जागे होतात आणि पाऊण तास परत थांबा. शिवाय एखादा रिले (करंटवर चालणारा स्विच) अडकला असेल तर फ्यूज काढल्याने तो सुटतो, आकडा पडतो, आणि आठवड्याने तोच रिले पुन्हा अडकतो. त्यापेक्षा ब्लेड फ्यूजच्या माथ्यावर दोन उघडे धातूचे ठिपके असतात, त्यांवर दुसऱ्या मीटरची टोकं टेकवा. रेंज २०० मिलिव्होल्ट. करंट वाहत नसेल तर ०.० दिसेल. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजचा रोध साधारण ७ ते ८ मिलिओहम असतो, म्हणजे एक मिलिव्होल्टला अंदाजे १३० मिलिअँपिअर. त्यावर २.४ दिसले तर त्या वाटेने तीनशेच्या वर करंट चाललाय. फ्यूज मोठा असेल तर रोध कमी, म्हणून तितक्याच मिलिव्होल्टला करंट जास्त धरायचा. फ्यूजबॉक्स दोन असतात, एक बॉनेटखाली आणि एक डॅशबोर्डखाली. दोन्ही पाहा.

बहुतेक वेळा बोट जातं ते मागाहून बसवलेल्या सामानाकडे, आणि त्यात पहिला नंबर स्टिरिओचा. स्टिरिओला पिवळी तार कायम १२ व्होल्टची, मेमरीसाठी. लाल तार किल्लीवर चालणारी. बसवताना किल्लीची लाइन पटकन सापडली नाही की लाल-पिवळी एकत्र पिळून वर टेप मारला जातो. गाणी वाजतात, गिऱ्हाईक खूश. पारख सोपी आहे: किल्ली काढा, दार उघडून लावा, पाच मिनिटांनी स्टिरिओचं बटण दाबा. स्क्रीन उजळली तर लाल तार कायम लाइनवर आहे. तिला सोडवून, फक्त किल्लीवर करंट येणाऱ्या फ्यूजवरून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा लाइन देणारा जोड) लावून लाइन द्या. टेप नको, क्रिंप करा किंवा सोल्डर करून हीट-श्रिंक चढवा. लाल तार बरोबर असूनही अँड्रॉइड स्टिरिओ करंट खात असेल तर तो स्लीपमध्ये राहतोय. सेटिंगमध्ये पूर्ण बंद होण्याचा पर्याय असेल तर तो निवडा. ॲम्प्लिफायर असेल तर त्याची निळी-पांढरी रिमोट तार कायम लाइनला जोडलेली नाही ना, तेही बघा.

डॅशकॅम पार्किंग मोडवर असेल तर तो रात्रभर खातच असतो. त्याला थेट लाइन देणाऱ्या हार्डवायर किटचा कट-ऑफ, म्हणजे कॅमेरा आपोआप बंद होण्याचा आकडा, १२.२ व्होल्टच्या खाली ठेवू नका, कारण तिथे बॅटरी आधीच अर्धी रिकामी असते. ओबीडीत (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) खोचून विसरलेला डोंगल, जीपीएस ट्रॅकर, वेगळा बसवलेला हॉर्नचा रिले, हे एकेक सुटं करून आकडा बघत जा. ग्लोव्हबॉक्स किंवा डिकीचा ५ वॅटचा बल्ब रात्रभर जळत राहिला तर चारशे मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला दहा एएच. झाकण लावल्यावर तो विझतो का हे बाहेरून कळत नाही. फोन व्हिडिओवर लावून आत ठेवा आणि झाकण बंद करा. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायर आणि पाणी शिरलेला दाराचा स्विच हेही नेहमीचे पाहुणे.

एकाही फ्यूजवर मिलिव्होल्ट दिसत नाही, तरी मीटरवर करंट आहे? मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर. त्याची जाड केबल छोट्या फ्यूजांतून जातच नाही, त्यामुळे त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असेल तर फ्यूजबॉक्समध्ये काहीच कळत नाही. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी अल्टरनेटरला हात लावा. इंजिन गार आणि तो कोमट लागला तर संशय पक्का. खात्रीसाठी बॅटरीची मायनस केबल सुटी करा, अल्टरनेटरची जाड केबल काढून तिचं टोक कापडात गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा ३० मिलिअँपिअरवर आला तर रेक्टिफायर प्लेट, म्हणजे डायोड बसवलेली प्लेट, बदलायची. बऱ्याच अल्टरनेटरना ती सुटी मिळते, अख्खा नग घ्यावा लागत नाही.

आणि मीटर पेटीत ठेवण्याआधी लाल तार १० अँपिअरमधून काढून व्होल्टच्या भोकात घाला. ती तशीच राहिली आणि पुढच्या वेळी कुणी व्होल्ट बघायला टोकं बॅटरीवर टेकवली, तर तो थेट शॉर्ट असतो.