एटीव्ही घेताना सीसी सगळ्यात शेवटी बघा

एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर मोटरसायकलसारखं बसून चालवायची चारचाकी, घ्यायची म्हटलं की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती सीसीची?" माझं म्हणणं, आधी दोन गोष्टी बघा. ज्या वाटेवर जायचंय तिथे ती मावते का, आणि अडकली तर तुम्हाला एकट्याने बाहेर काढता येईल का. आम्ही ओहायोत राहतो आणि शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्सवर जातो. तिथल्या चिखलात माझं हे मत पक्कं झालंय.

दोन हाडवैरी घराण्यांच्या नावाचं हे वाटांचं जाळं 2000 साली सुरू झालं, आता ते हजार मैलांच्या पुढे गेलंय. बरीचशी जमीन कोळसा आणि लाकूड कंपन्यांची. परमिट आणि हेल्मेट सक्तीचं. एका माणसासाठी बनवलेल्या गाडीवर डबलसीट अजिबात चालत नाही, आणि ते योग्यच आहे. सोप्या वाटा हिरव्या, मधल्या निळ्या, अवघड काळ्या. काळ्या वाटेवर पाऊस पडून गेला की लाल माती साबणासारखी होते, आणि तिथे गाडीच्या ताकदीपेक्षा तिचं वजन जास्त जाणवतं.

रुंदीचं थोडक्यात सांगते. शेजारी-शेजारी बसायची साइड-बाय-साइड गाडी इथल्या बहुतेक वाटांवर चालते. पण इतरत्र फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकी वनखात्याच्या, कित्येक वाटा 50 इंचांपेक्षा रुंद गाडीला बंद असतात. मला तिथेही जायचं होतं, म्हणून अरुंद एटीव्हीच.

माझी उंची पाच फूट एक इंच. शोरूममध्ये सेल्समन मला 700 सीसीच्या गाडीकडे वळवत होता. मी तिच्यावर बसले आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. उजवा हात इतका ताणला गेला की अंगठा थ्रॉटलवरून, म्हणजे वेग द्यायच्या खटक्यावरून, सुटला. चढावरच्या वळणावर असं झालं तर गाडी नेमकी नको तिथे थांबते. ही परीक्षा प्रत्येकाने करावी, दोन्ही बाजूंना, हातमोजे घालून. मग फूटरेस्टवर उभं राहून गुडघे थोडे वाकवून बघावं. ट्रेलवर निम्मा वेळ तसंच चालवायचं असतं, आणि तोल गाडी सांभाळत नाही, आपलं शरीर सांभाळतं.

शेवटी होंडाची रँचर 420 घेतली. फोर बाय फोर, पॉवर स्टिअरिंग, वजन सुमारे 600 पौंड. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत न्यायला तिला रबरी बेल्ट नाही, गिअर आणि शाफ्ट (फिरता दांडा) आहे. बाजारातल्या बहुतेक ऑटोमॅटिक एटीव्ही बेल्टवर चालतात. त्या चालवायला सोप्या, पण बेल्टच्या डब्यात ओढ्याचं पाणी शिरलं की बेल्ट घसरतो, आणि उभ्या चढावर लो रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) न टाकता रेटलं तर तापून जळतो. गिअरची गाडी उतारावर इंजिनानेच छान रोखली जाते. माझ्या मॉडेलचा मागचा अ‍ॅक्सल सलग आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, त्यामुळे दगडांवर पाठीला दणके बसतात. ते मला मान्य आहे.

आता सामान. पहिला पैसा टायरवर घाला, सहा प्लायचे, म्हणजे जाड, सहजी न फाटणारे घ्या. कारच्या टायरमध्ये 32-35 पीएसआय हवा असते, इथे जेमतेम चार-पाच. कारचा गेज एवढी कमी हवा नीट दाखवतच नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज लागतोच. एवढ्या कमी हवेवर टायर कधीकधी रिमवरून सुटतो. तेव्हा रॅचेटचा (खटक्याने आवळायचा) पट्टा टायरच्या घेराभोवती गुंडाळून आवळायचा आणि छोट्या पंपाने हवा भरायची. टायरच्या कडा बाहेर दाबल्या जातात आणि 'फट्' आवाज करून रिमवर बसतात. पंक्चरच्या भोकात भरायच्या दोऱ्या, पंप आणि पट्टा एकाच पिशवीत ठेवा.

दुसरा पैसा विंचवर, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या, गाडीवरच बसवलेल्या मोटरवर. या वजनाला 2500 पौंडांची पुरते, पण ती पूर्ण ताकद दोर गुंडाळायच्या ड्रमवर दोराचा शेवटचा थर उरल्यावरच मिळते, म्हणून शक्य तेवढा दोर सोडून मगच ओढायचं. मी स्टीलऐवजी सिंथेटिक दोर घेतला. तो हाताला कुसळं टोचत नाही आणि तुटला तरी स्टीलच्या तारेइतका जोरात फटकत नाही. दगडावर घासू मात्र द्यायचा नाही. ओढताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल. झाडाला दोर थेट बांधू नका, रुंद पट्टा लावा. साल सोलवटलं की झाड मरतं, आणि आपल्यामागून येणाऱ्यालाही तेच झाड लागणार असतं.

लाइटबार, स्पीकर, 28 इंची टायर यांची मला गरज वाटत नाही. मोठ्या टायरने गाडी उंच होते आणि लवकर कलंडते.

दोन डोंगरांमधल्या खोऱ्यांत फोनला रेंज नसते. म्हणून एकटीने जायचं नाही, आणि उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र जवळ ठेवायचं. तेही गाडीवरच्या पेटीत नाही, जॅकेटच्या खिशात. आपण पडलो आणि गाडी तशीच खाली घरंगळली, तर पेटी तिच्याबरोबर जाते.